मामा, फायनल कुठंय? ‘यू यू हाकुशो’चा शेवट वाचायची रीत

‘यू यू हाकुशो’ या जपानी चित्रकथेचा (मांगाचा) १९वा, म्हणजे शेवटचा खंड संपला की वाचणारा हमखास पानं उलटी चाळायला लागतो. माझ्या भाच्यानं तर खंड टेबलावर आपटला आणि म्हणाला, “मामा, फायनल कुठंय? यातला एक फर्मा गळलाय बघ.” मी दिवाळी अंकांची पानं लावतो, त्यामुळे घरातल्या पोरांच्या तोंडी असले शब्द बसलेत (फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा). फर्मा शाबूत होता. मांगाकार योशिहिरो तोगाशी यांनी शेवटच्या स्पर्धेची ती फायनल काढलेलीच नाही.

त्याला जी रीत सांगितली तीच इथे लिहितोय. मांगा १९९४ मध्ये संपला, तरी ज्यांचा वाचायचा राहिलाय त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढे सगळं फुटणार आहे.

शेवट समजून घ्यायचा तर आधी डार्क टूर्नामेंट, म्हणजे आधीच्या खंडांतली मारामारीची मोठी स्पर्धा, पुन्हा वाचायची, तोंडपाठ असली तरी. एक स्पर्धा नीट रंगवायला किती पानं लागतात, याचं माप तिथे हातात येतं. अ‍ॅनिमेत (याच मांगावरच्या टीव्ही कार्टूनमध्ये) ही स्पर्धा २६व्या भागापासून ६६व्या भागापर्यंत चालते, म्हणजे तब्बल ४१ भाग. आता त्यातली एकच लढत घ्या, नायक युसुकेचा साथीदार कुरामा विरुद्ध समोरच्या संघातला कारासू. कारासू मरतो, तरी निकाल त्याच्या बाजूनं लागतो, कारण त्याआधी कुरामा खाली पडलेला असताना दहा आकडे मोजून झालेले असतात. हा निकाल वाचकाला बोचावा म्हणून आधी काय काय पेरून ठेवावं लागलं ते बघा. दहाच्या मोजणीचा नियम आपल्या अंगवळणी पडलेला हवा, कारासूची ती किळसवाणी लाडीगोडी आधी दिसलेली हवी, आणि कुरामाचं जुनं रूप किती वेळ टिकतं याची धाकधूक हवी. त्या स्पर्धेतला मुख्य शत्रू तोगुरो, त्याचंही तसंच. युसुकेची गुरू गेन्काई हिच्याशी असलेलं त्याचं जुनं नातं कळलं नसतं तर शेवटची लढत नुसती स्नायूंची जत्रा झाली असती. साप्ताहिकात एका आठवड्याचा भाग साधारण १९ पानांचा. त्या हिशेबानं ही सगळी पेरणी म्हणजे माणसाच्या कित्येक रात्री.

हे माप डोक्यात ठेवून मग १७वा खंड उघडायचा. पुढचा भाग घाईघाईनंच वाचला जातो, कारण घाई पानातच आहे. म्हणून आपण मुद्दाम सावकाश जायचं. रायझेन, मुकुरो आणि योमी या तीन राजांमध्ये माकाईची, म्हणजे राक्षसांच्या जगाची, वाटणी झालेली आहे. युसुके रायझेनकडे, त्याचे साथीदार हिएई मुकुरोकडे आणि कुरामा योमीकडे. तीन वर्षांत परत येतो असं युसुके त्याच्या मैत्रिणीला, केइकोला, सांगून निघालाय. चौथा साथीदार कुवाबारा आलेलाच नाही, तो अभ्यासाला बसलाय (मला हा या मालिकेतला सगळ्यात खरा प्रसंग वाटतो). कागदावर युसुके, हिएई आणि कुरामा या तिघांसमोर एकेक ओळ लिहायची: याला इथे नेमकं काय हवंय? कोण कोणाला हरवेल ते लिहायचं नाही. भाच्यानं पहिल्या फटक्यात तेच लिहिलं होतं, मी खोडायला लावलं.

रायझेनच्या पानांवर रेंगाळा. एका माणूस-स्त्रीसाठी त्यानं माणसं खाणं सोडलंय, शेकडो वर्षं उपाशी आहे, आणि उपाशीच मरतो. युसुके ज्याच्याशी लढायला आला तोच गेला. आता त्याच्या हातात एक राज्य आहे आणि त्याला राज्य नकोय. मग तो योमीकडे जातो आणि सांगतो की देश-बिश मोडून टाकू, सगळ्यांनी एकेकट्यानं लढायचं, जिंकेल त्यानं राज्य करायचं. तीन राजांच्या युद्धाची एवढी बांधणी एका पोराच्या सूचनेनं कोसळते. वाचताना हसू येतं, आणि ते यावंच.

इथून कागदाचे दोन रकाने करायचे: ‘दाखवलं’ आणि ‘सांगितलं’. डार्क टूर्नामेंटमध्ये जवळजवळ सगळं पहिल्या रकान्यात जातं. इथे दुसरा रकाना भराभरा वाढतो. युसुके योमीकडून हरतो, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत स्पर्धा उरकलेली असते. जिंकतो एन्की, रायझेनचा जुना मित्र. त्याला आपण जेमतेम ओळखतो. त्याचं राज्य आलं तरी कायदा साधाच: माणसांच्या जगात जाऊन त्रास द्यायचा नाही.

पोरं चिडतात ती इथे. पण पानं लावणाऱ्याच्या नजरेनं बघा. ऐन वेळी आठ पानांची जाहिरात आली की संपादक कथेतलं काय कापतो आणि कशाला हात लावू देत नाही, यावरून त्याला कथा कळली की नाही ते मला कळतं. तोगाशींनी लढती कापल्या आणि हिएई-मुकुरोच्या प्रकरणाला हात लावला नाही. मुकुरोला लहानपणी छळणारा चिको, त्याच्याविषयी तिच्या डोक्यात पेरलेली खोटी मायेची आठवण, आणि हिएईनं तिला दिलेली वाढदिवसाची ती भयंकर भेट. हे सगळं थोडक्या पानांत आहे, तरी एकही चौकट उपरी वाटत नाही. वर हिएईसमोर लिहिलेल्या ओळीचं उत्तर इथे मिळतं. आखाड्यात ते मिळालंच नसतं.

कुरामाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. योमीचा आणि त्याचा हिशेब फार जुना. योमीच्या आंधळेपणामागे कुरामाचाच हात. एवढं मोठं कर्ज मांडून ठेवलं आणि वसुली अर्ध्यावर सोडली. ही जागा घाईत गेलीये हे मान्य करावं. प्रत्येक गाळलेल्या पानामागे थोर हेतू शोधत बसू नये. जिन, तोया, चू, रिंकू ही डार्क टूर्नामेंटमधली जुनी मंडळी गेन्काईकडे तालीम करून तयार होतात, तेव्हा आपण सरसावून बसतो. त्यांच्याही वाट्याला फारसं काही येत नाही.

आता लेखकाची बाजू. ती आधी सांगायची नाही, नाहीतर वाचणारा दयाबुद्धीनं वाचतो. मालिका १९९० च्या अखेरीस ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली, १९९३ मध्ये तिला मांगासाठीचा शोगाकुकान पुरस्कार मिळाला आणि १७५ भागांवर ती थांबली. खप आटला म्हणून गुंडाळलेली ही मालिका नव्हे. संपल्यावर तोगाशींनी ‘योशिरिन दे पोन!’ नावाची छोटी पुस्तिका स्वतः काढून टोकियोच्या कोमिकेतमध्ये (हौशी मांगाकारांच्या जत्रेत) वाटली आणि तिच्यात कारणं लिहिली. तब्येत खचली होती, झोप नव्हती. शिवाय, या पात्रांना घेऊन व्यावसायिक नियतकालिकात करण्यासारखं काही उरलेलं नाही, घडवलेली पात्रं मोडायची किंवा वाचक कंटाळेपर्यंत तेच तेच करत राहायचं एवढंच शिल्लक आहे, असंही त्यांनी म्हटलं. हे वाचून पुन्हा त्या दोन रकान्यांकडे बघा. नवी स्पर्धा म्हणजे तेच तेच करण्याचा राजमार्ग. त्यांनी ती जाहीर केली, लढतींच्या जोड्यांचा ड्रॉ पाडला आणि मग नायकाला झोपवून पुढे निघून गेले. मला यात थकवा दिसतो आणि थोडा खट्याळपणाही.

अ‍ॅनिमे यानंतर बघायचा, आधी नाही. ९५ ते ११२ हे भाग. तो बनवणाऱ्या स्टुडिओ पिएरोनं गाळलेल्या जागा भरल्यात आणि युसुके-योमी लढत चांगली ऐसपैस दाखवलीये. भाच्याचं पोट त्यानं भरलं. मला ती लढत आवडते, पण योमी का बदलतो ते मांगात लवकर कळतं, हेही खरं. २०२३ ची नेटफ्लिक्सवरची मालिका या कामासाठी निरुपयोगी, तिची गोष्ट इथवर पोचतच नाही.

मग तोगाशींच्याच पुढच्या मांगातली, ‘हंटर × हंटर’मधली, हंटर परीक्षेची शेवटची फेरी काढायची. तिथला ड्रॉ उलटा आहे: एकदा जिंकला तो पास, हरणारा पुढे सरकतो, आणि सगळ्यांत शेवटी उरेल तो एकटा नापास. नायक गोन आणि हान्झोची लढत आपल्याला पूर्ण दिसते. त्यानंतर गोन अंथरुणात जागा होतो आणि उरलेल्या लढतींचं काय झालं, त्याचा मित्र किल्लुआ कसा बाद झाला, हे त्याला परीक्षक सातोत्झ सांगतो. झोपलेला नायक, उरकलेली स्पर्धा, दुसऱ्याच्या तोंडून निकाल. ‘यू यू’मध्ये ही युक्ती घाईची वाटली होती, इथे ती काळजात घुसते, कारण किल्लुआपाशी आपण नव्हतो ही बोच गोनला आहे तशीच आपल्यालाही.

आणि स्पर्धा संपली म्हणून १९वा खंड मिटू नका. पुढे युसुके रामेनची गाडी चालवतो, शिवाय जमेल तशी भुताटकीची कामं घेतो. एक टोळी रेईकाईचा, म्हणजे आत्म्यांच्या जगाचा, ताबा घेते. त्याच भानगडीच्या ओघात कळतं की माणसांच्या जगातले कितीतरी ‘राक्षसी’ गुन्हे रेईकाईनंच घडवून आणले होते आणि तिथला राजा एन्माचं हे पाप त्याच्याच मुलानं, कोएन्मानं, चव्हाट्यावर आणलंय. म्हणजे इतके खंड युसुके ज्यांच्यासाठी गुप्तहेर म्हणून राबला, त्यांचीच वही खोटी होती. एवढी मोठी गोष्ट तोगाशी चालता चालता सांगून टाकतात. भाच्यानं ती पानं फायनल शोधण्याच्या नादात नुसती चाळली होती. त्याला परत १७व्या खंडापासून बसवलंय.