एओर्टिक झडप अरुंद झालेल्या माणसाकडे घरी कसं लक्ष ठेवाल

एओर्टिक झडप म्हणजे हृदयातून महाधमनीत (शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीत) रक्त सोडणारं दार. इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टमध्ये आधी तीन आकडे शोधा. झडपेचं तोंड एरवी ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतं. ते १ किंवा त्याहून कमी झालं, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, mmHg मध्ये) ४० वर किंवा रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरवर गेला, की आजार बहुधा तीव्र धरतात.

‘धाप लागते का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येतं. माणूस नकळत चालणंच कमी करतो, म्हणून त्रास दिसत नाही. मागच्या वर्षी एका दमात चढायचा तो जिना आता कसा चढतो, मंडईत जाणं का सोडलं, ते विचारा. धाप, छातीत दडपण, श्रमाने डोळ्यांपुढे अंधारी यांतलं एकही असेल तर ‘वय झालं’ म्हणू नका, त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञ गाठा. तीव्र आजारात त्रास सुरू झाल्यावर झडप बदलली नाही, तर अनेकांना दोन-तीनच वर्षं मिळतात. भोवळ येऊन पडला तर थेट १०८.

सगळ्यात जास्त चुकतं ते सॉर्बिट्रेटबाबत, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या गोळीबाबत. गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, आणि अरुंद तोंडातून जास्तीचं रक्त ढकलून ती तूट भरून काढणं हृदयाला जमत नाही. रक्तदाब कोसळू शकतो. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी देऊ नका. स्वतःच्या माणसासाठी ती चालेल का, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. लघवीची गोळी चालू असताना जुलाब झाले तरी दाब असाच उतरतो, लगेच फोन करा.

छातीत अचानक धडधड आणि नाडी अनियमित झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हृदय ताठर झालेलं असतं, त्यामुळे फुप्फुसांत पाणी साचायला मग वेळ लागत नाही.

हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरतंय, शौच डांबरासारखं काळं होतंय? (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, ते सांगा.) अरुंद तोंडातून जोराने जाताना रक्त गोठवणारं एक प्रथिन तुटतं आणि आतड्यातल्या नाजूक वाहिन्या झिरपतात. पोटाच्या डॉक्टरांना झडपेचं आवर्जून सांगा. झडप बदलल्यावर हा रक्तस्राव बऱ्याचदा थांबतो.

कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवस टिकला, तर दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी). नाहीतर झडपेवरचा जंतुसंसर्ग तपासणीत लपतो.

साठीच्या आतच झडप अरुंद झाली असेल तर ती जन्मतः दोन पाकळ्यांची असू शकते. तसं निघालं तर महाधमनी फुगली आहे का ते तपासून घ्या, आणि भावंडं व मुलांचाही एकदा इको करा.