इकडे बदलून आलेल्या गुरुजींनो, जुना लॅपटॉप असाच विकू नका

मी साताऱ्याकडचा, यवतमाळ जिल्ह्यात शाळेवर येऊन तेरा वर्षं झाली. दर वर्षी आपल्याकडची नवीन पोरं येतात, खोली, डबा, पाणी सगळं विचारतात. खोली गावात विचारली की मिळते, कूलर पहिल्याच उन्हाळ्यात घ्या, आणि भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागू नका, सांबार म्हणा. बाकी शिकाल. पण पगार सुरू झाला की नवा लॅपटॉप येतो आणि जुना विकायला निघतो, तिथे मी स्वतः आपटलोय म्हणून लिहितोय.

२०१७ साली माझा जुना लॅपटॉप तालुक्याच्या एका झेरॉक्सवाल्या पोराला साडेसहा हजारात दिला. आधी क्विक फॉरमॅट मारला, ड्राइव्ह रिकामी दिसली, म्हटलं झालं. महिन्याभराने बाजाराच्या दिवशी पोरगा मला शोधत आला, हातात पेनड्राइव्ह. "सर, तुमचे फोटो राह्यले होते मशीनमधी, काढून देले." प्रेमाने केलं होतं हो त्याने. खोलीवर येऊन लावला तर मुलीच्या बारशाचे फोटो आणि त्याखाली 'शिष्यवृत्ती' नावाचं फोल्डर, चाळीस पोरांचे आधार, पासबुकं, उत्पन्नाचे दाखले. घामच फुटला. लॅपटॉप परत मागितला तर म्हणे "काऊन सर, चांगला चालते ना!" शेवटी साडेनऊ हजार मोजून परत आणला, खरं कारण सांगायची लाज वाटली.

क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, धडे आत तसेच. रिकव्हरीचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की कोणीही वाचतो. रिसायकल बिन रिकामा करणं तर त्याहून भाबडं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन रिसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग. इथेच सगळे चुकतात, पुढच्या पानावर चेंज सेटिंग्ज दाबून क्लीन डेटाचं बटण चालू करावं लागतं, ते आपोआप चालू नसतं. मग डिस्कवर सगळीकडे नवीन लिहिलं जातं, हार्ड डिस्कला तासन् तास लागतात. मध्येच लाईन गेली आणि बॅटरी मेलेली असली तर विंडोज अर्धवट लटकतं, म्हणून इन्व्हर्टरवाल्याच्या घरी बसा, आणि मे महिन्यात तर करूच नका, पंचेचाळीस डिग्रीत मशीन भट्टी होते (कूलरच्या ओल्या हवेसमोरही ठेवू नका). विंडोज ७ ला ही सोय नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि क्विक फॉरमॅटची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा.

एसएसडी (चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकलेली असेल तर वरून लिहून भरवसा नाही, ती डेटा आतल्या आत फिरवत असते. एसएसडीच्या कंपनीचं टूल किंवा बायोसमधलं (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) सिक्युअर इरेज, म्हणजे कायमचं पुसण्याची सोय, वापरा.

बॅकअप घ्या, आणि तो उघडतो का ते बघून मगच पुसा. क्रोममधून जीमेल काढा, मोबाइलवर लिंक्ड डिव्हाइसेसमधून व्हॉट्सॲपही.

आपल्या लोकांची एक खोड, प्रत्येक गोष्टीला "पुण्यात असतं तर" म्हणायचं आणि इथल्या रिपेअरिंगवाल्या पोरांना अडाणी समजायचं. अहो, माझे फोटो बाहेर काढले ते अशाच पोराने! उलट गिऱ्हाइकाला खरं सांगा, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, बॅटरी किती वेळ टिकते तेही सांगा. गाव छोटं आहे, उद्या त्याचीच पोरगी तुमच्या वर्गात असते.

एवढी कटकट नको असेल तर डिस्क काढून घ्या आणि हजारभर कमी घेऊन बिनडिस्कचा विका. मी माझी साडेनऊ हजारवाली उघडली, आतली चकती आरशासारखी चकचकीत आहे, परावर्तनाच्या धड्याला वर्गात फिरवतो.