पाण्याखाली उलट्या झालेल्या कॉकपिटमधून बाहेर पडताना

जुहूहून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या रिगवर उड्डाणे करायला येणाऱ्या नव्या हेलिकॉप्टर वैमानिकांचा सगळा जोर ऑटोरोटेशनच्या, म्हणजे इंजिनाविना नुसत्या वाऱ्याने रोटर (वरची पाती) फिरत ठेवून खाली उतरण्याच्या, सरावावर असतो, आणि त्यात चूक काहीच नाही. इंजिन बंद पडल्यावर कलेक्टिव्ह, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा दांडा, तत्काळ खाली गेला नाही, तर रोटरचे फेरे घटतात आणि पुढे हाती काही उरत नाही. परंतु पाण्यावर व्यवस्थित टेकवलेले हेलिकॉप्टरही पुष्कळदा उलटते, कारण इंजिने, गिअरबॉक्स आणि रोटर हे सारे वजन डोक्यावर असते, आणि लाटा मोठ्या असल्या तर तरंगण्यासाठी फुगवलेल्या फ्लोटचाही भरवसा देता येत नाही. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगच्या जवळच हेलिकॉप्टर समुद्रात पडले, तेव्हा आतल्या नऊ जणांपैकी चार जण दगावले. मदत हाकेच्या अंतरावर असली, तरी आतून बाहेर मात्र ज्याचे त्यालाच पडावे लागते.

पाण्याखालून सुटकेच्या माझ्या पहिल्या प्रशिक्षणात मी नेमके तेच चुकलो. तलावात सोडलेला कॉकपिटचा सांगाडा उलटला, नाकात पाणी गेले आणि घाईघाईने मी आधी पट्ट्याचे बकल फिरवले. क्षणार्धात अंग तरंगून वर गेले, म्हणजे कॉकपिटच्या जमिनीला टेकले. खिडकी ढकलायला पाठीशी आसन उरले नाही, आणि डावे कुठले, उजवे कुठले हेही कळेना. पाणबुड्याने दंडाला धरून बाहेर ओढले.

दुसऱ्या फेरीत एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवला, पाणी छातीपर्यंत येताच श्वास भरून घेतला, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, खिडकी बाहेर ढकलली, आणि चौकट न सोडता मगच बकल फिरवले. ती थांबण्याची काही सेकंदे फार लांब वाटतात. लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवावे. आत फुगवले, तर ते छताला गेलेल्या जमिनीशी तुम्हाला दाबून धरते. हेल्मेटची वायर हा खास वैमानिकांचा अडथळा आहे, त्यामुळे तिचा प्लग एका हिसक्यात सुटतो ना, हे जमिनीवरच पाहून ठेवावे.

ज्यांचे शिक्षण रॉबिन्सनच्या लहान हेलिकॉप्टरवर चालू आहे, त्यांनी आसनाखालच्या कप्प्यात टणक वस्तू ठेवू नयेत. आदळल्यावर ते आसन चेपून धक्का शोषावा अशीच त्याची रचना असते, आणि तिथे टूलकिट असेल तर तो धक्का मणक्यालाच बसतो.

मी अजूनही इंजिन सुरू करण्याआधी डोळे मिटून दरवाजाचा आपत्कालीन हँडल चाचपतो. सहवैमानिकाला याचे हसू येते, येऊ द्यावे. आसन बदलून डावीकडे बसायची वेळ आली, की हाच सराव दुसऱ्या हाताने नव्याने करावा लागतो.