शिंदीच्या झावळीवरची बुरशी ओळखताना

पाम कुळातल्या झाडांवरची बुरशी शिकायची असेल तर सोलापूर सोडून कोकणात जायची गरज नाही. ओढ्याकाठी शिंदी आहे, मळ्यात नारळ आहे. शिंदीच्या वाळलेल्या झावळ्या खोडाला लोंबत राहतात आणि त्यांच्या जाड देठात ओल धरून राहते. हिरव्या पानाआधी तो देठ बघा. पाऊस इथे सप्टेंबरात जास्त पडतो, त्यानंतरचे आठवडे नमुने गोळा करायला उत्तम.

1991 साली बुरशीतज्ज्ञ डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी एका वनस्पतीमागे बुरशीच्या सहा जाती धरून जगात 15 लाख जाती असतील असा अंदाज मांडला. पामवर काम करणाऱ्या फ्रोलिक आणि हाइड यांनी 1999 मध्ये एका पाममागे 33 असा आकडा दिला. म्हणजे नवं सापडायला वाव भरपूर आहे. पण नवी जात ठरते ती जुन्या सगळ्या जाती वगळल्यावरच, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा.

शिंदीच्या पानावर मोहरीहून बारीक काळे उंचवटे दिसतात. भिंग लावलं की प्रत्येकातून पिवळसर तंतूंचा झुपका वर आलेला दिसतो, बोट फिरवलं की पिवळी पूड लागते. ही ग्राफिओला फिनिसिस. फार देखणी, पण जवळजवळ 200 वर्षांपासून माहीत असलेली.

नारळाच्या पानावरच्या राखाडी डागात बहुतेक वेळा पेस्टालोशिऑप्सिस ही बुरशी निघते. काळ्या ठिपक्याचा पातळ छेद घ्या, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रावात स्लाइड करा. बीजाणू पाच पेशींचा: मधल्या तीन रंगीत, टोकाच्या दोन रंगहीन, वर दोन-तीन शेपट्या. मात्र रंग नीट बघायचा असेल तर दुसरी स्लाइड साध्या पाण्यात करा. मधल्या तिन्ही पेशी सारख्या रंगाच्या की वरच्या दोन गडद, यावरही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरते. 2014 मध्ये या जुन्या प्रजातीचे तीन भाग झाले. इथे घाई करू नका. बीजाणू भरपूर मोजा, एका स्लाइडवर विसंबू नका. बुरशी ओळखायला नेहमी वापरतात तो डीएनएचा आयटीएस भाग तेवढा पुरत नाही, बीटा-ट्यूब्युलिन आणि टीईएफ-1 ही जनुकं सुद्धा लागतात.

झाडाचं नाव पक्कं करा. शिंदी आणि खजूर दिसायला जवळचे, म्हणून फळाफुलाचा फोटो नमुन्यासोबत हवाच. पण झाड वेगळं म्हणून बुरशी वेगळी, हा युक्तिवाद मला पटत नाही. पुरावा बुरशीतच दिसला पाहिजे.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदी पाकिटात ठेवा आणि गाव, तारीख, झाड तिथल्या तिथे लिहा. नव्या जातीला नाव देण्याची वेळ आली तर 1 जानेवारी 2013 पासून मायकोबँकसारख्या, बुरशीच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या नोंदणीकडून क्रमांक घेणं बंधनकारक आहे. मूळ वाळवलेला नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या हर्बेरियमला (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला) देता येतो, जिवंत कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीचा, संग्रहही तिथेच आहे. शोधनिबंध लिहायला घेण्याआधी ही दोन्ही कामं उरका.