ज्वारीचे क्रॅकर्स: आधी भाजा, मग वाळवा

घरचे क्रॅकर्स दुसऱ्या दिवशी मऊ पडले की लोक पुढच्या खेपेला तेल वाढवतात, नाहीतर सोडा घालतात. दोन्हींची गरज नाही. क्रॅकर कुरकुरीत राहतो तो आतलं पाणी पुरतं निघून गेल्यामुळे. आमच्या सोलापूरच्या कडक भाकरीत ना तेल असतं ना सोडा, तरी ती कितीतरी दिवस कडकडीत राहते, कारण भाजून झाल्यावर तिला मंद आचेवर पार वाळवलेलं असतं. क्रॅकर्सनाही मी तेच करते.

120 ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि 60 ग्रॅम कणीक घ्या. जवस आणि तीळ दोन-दोन मोठे चमचे, कारळे एक मोठा चमचा, तेल तीन मोठे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा. मसाल्याला एक छोटा चमचा जिरं, अर्धा चमचा ओवा, आठ-दहा मिरे आणि चिमूटभर हिंग. ज्वारी मालदांडी मिळाली तर फारच छान, तिला अंगचाच गोडवा असतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही. पीठ मात्र ताजं दळलेलं हवं. विरी, म्हणजे अंगचा चिकटपणा, गेलेल्या पिठाची पोळी कडेने चिरतच जाते, मग कितीही मळा.

ज्वारीत चिकटपणा कमी, म्हणून तिला दोन आधार द्यायचे. पहिला जवसाचा. जवस खलबत्त्यात अर्धवट कुटा आणि तीन मोठे चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. चमचा उचलला की बुळबुळीत तार सुटायला हवी. नुसतेच दाणे पाण्यात तरंगत असतील तर कुटायला कमी पडलंय. दुसरा आधार उकडीचा. ज्वारीच्या पिठात मीठ घालून त्यावर 80 मिली खळखळतं पाणी ओता, उलथन्याने हलवा, पाच मिनिटं झाकून ठेवा.

तोवर कणकेला तेल चोळून घ्या, मुठीत दाबली की मुटका वळला पाहिजे. जिरं आणि मिरे भरड कुटा. अख्खं जिरं पातळ पोळी फाडतं. ओवा तळहातावर चोळूनच टाका, त्याशिवाय वास मोकळा होत नाही. तीळ-कारळे सोडून बाकी सगळं एकत्र करून घट्ट मळा, कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावा. वीस मिनिटं झाकून ठेवा. लाल तिखट हवंच असेल तर अर्धा चमचा पिठात मिसळा. वरून भुरभुरलं की करपतं आणि ठसका लागतो. ओला लसूण मी घालत नाही, त्याच्या तुकड्यांभोवती क्रॅकर ओलसर राहतो.

आता लाटणं. सगळी मेहनत इथे सत्कारणी लागते किंवा वाया जाते. पिठाचे चार भाग करा आणि एकेक गोळा दोन बेकिंग पेपरच्या मधे ठेवून लाटा. जाडी दोन मिलिमीटर, आणि सगळीकडे तेवढीच. मधे जाड आणि कडेला पातळ असेल तर कडा करपेपर्यंत मधला भाग कच्चाच राहतो. वरचा कागद काढा, पाण्याचा हात फिरवा, भोगीच्या भाकरीला लावतो तसे तीळ आणि कारळे पेरा आणि लाटणं एकदाच हलकं फिरवा. नुसते वर टाकलेले दाणे डब्याच्या तळाशी जमा होतात. शंकरपाळ्याच्या कातण्याने चौकोन कापा, काट्याने प्रत्येक चौकोनाला पाच-सहा भोकं पाडा. वाफेला वाट मिळाली नाही तर क्रॅकर फुगतो. चौकोन सुटे करू नका, कागदासकट ट्रेवर सरकवा.

ओटीजी 170 अंशांवर आधी तापवून घ्या. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या कप्प्यात. दहा मिनिटांनी ट्रे फिरवा, मागची बाजू बहुतेक ओटीजींमध्ये जास्त तापते. पंधरा ते अठरा मिनिटांत कडा बदामी होतात. कडेचे चौकोन आधी काढून घ्या. कारळे जास्त भाजले की कडवट होतात आणि काळ्या दाण्याचा रंग बदललेला दिसत नाही, तेव्हा नजर तिळावर ठेवा.

आता तापमान 120 वर आणा, चौकोन सुटे करून पसरा आणि आणखी पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. रंग फारसा बदलणार नाही, पाणी मात्र निघून जाईल. हा टप्पा टाळू नका. मधला एक क्रॅकर बाहेर काढून दोन मिनिटं गार करा आणि मोडा. कट्‌कन आवाज आला तर झालं. वाकून मग तुटला तर अजून पाच मिनिटं. गरम असताना तपासू नका, तेव्हा चांगला झालेलाही नरमच लागतो.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. किंचित कोमट भरले तरी झाकणाला आतून घाम येतो. खायला शेंगांची चटणी घट्ट दह्यात कालवून घ्या, दुसरं काही लागत नाही. पावसाळ्यात डबा सारखा उघडून क्रॅकर्स सादळले, तर 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतात.