लांबच्या बेटावर वादळ आलं, आपण गावात बसून काय करू शकतो

२८ ऑक्टोबर २०२५ ला जमैकावर मेलिसा वादळ आदळलं तेव्हा आमच्याकडे हलका धान कापणीला आला होता. वारा ताशी २९५ किलोमीटरच्या आसपास, कॅटेगरी पाच म्हणजे सगळ्यात वरची, त्या देशात याच्याएवढं जोराचं वादळ नोंदीत कधी आलेलंच नाही. क्रिकेटमुळे आमच्या पोरांना जमैका माहीत आहे, ख्रिस गेलचा देश, त्यामुळे मोबाईलवर ते व्हिडिओ बघून दोघं-तिघं संध्याकाळी घरी आले, म्हणे काकाजी, आपण काही पाठवू शकतो का, कपडे गोळा करतो, मंडळाकडे थोडे पैसे पण आहेत. मला खरंच बरं वाटलं, पण कपड्यांचं नाव निघालं आणि मला २०२० आठवलं.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी वर मध्य प्रदेशात पाऊस, तिकडच्या धरणाचं पाणी आलं, इकडच्या गोसीखुर्द धरणाची ३३ दारं उघडली आणि वैनगंगा गावागावात शिरली. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज तर चारही बाजूंनी नदी असलेलं गाव, एरवी पण डोंग्यानं जायचं, म्हणजे बेटच म्हणा. आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर मदतीचे ट्रक आले, एकातून कपड्यांचे गठ्ठेच गठ्ठे उतरले, फाटके, ओले, लग्नातले कोट सुद्धा, आणि आम्हाला पाहिजे होतं काय तर बादली, खराटा, ताडपत्री, ढोरांना तणस. ते गठ्ठे महिनाभर शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिले, वास यायला लागला तेव्हा आमच्याच लोकांनी खड्डा खणून पुरले. ज्याचं घर चिखलात आहे त्याच्याच मागे हे काम लागलं.

म्हणून पहिली गोष्ट, वस्तू पाठवू नका. बेटावर माल यायला एखाद-दुसरं बंदर, एखाद-दुसरा विमानतळ, तेही वादळानं मोडलेलं, तिथे न मागितलेली खोकी आली की औषधाचं खोकं मागे राहतं. बियाणं तर अजिबात पार्सल करू नका, आमच्या एका पोराच्या डोक्यात धानाचं बियाणं पाठवायचं होतं, मन चांगलं आहे पण क्वारंटाईनचे, म्हणजे बियाण्यात रोग-कीड नाही याचे, कागद नसले तर ते जप्त होतं, आणि आपल्याकडची एखादी कीड तिकडे गेली तर वेगळंच संकट.

मग पैसे. यात एक अडचण आहे ती आधीच सांगतो, नाहीतर मंडळात नुसती चर्चा होत राहील. परदेशात देणगी पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी सोय आहे, एलआरएस म्हणतात, ती माणसासाठी आहे, ट्रस्टला किंवा मंडळाला नाही. बँकेत पॅन आणि ए-टू नावाचा फॉर्म लागतो. छोट्या रकमेला बँकेचा चार्जच जास्त बसतो, त्यामुळे हजार-दोन हजार देणाऱ्यानं आपापल्या कार्डवरून थेट द्यावं ते बरं, फक्त कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बंद असतो तो बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि काम झाल्यावर परत बंद करा. द्यायचं कुठे, तर मेलिसानंतर जमैका सरकारनं सपोर्ट जमैका नावाचं अधिकृत पोर्टल काढलं, रेडक्रॉस आहे, आणि बऱ्याच कॅरिबियन देशांचं मिळून आपत्तीचं काम बघणारी सीडेमा म्हणून संस्था आहे बार्बाडोसमध्ये. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला तर त्यावर एक रुपया टाकू नका, वादळानंतर फसवणारे पण लगेच जागे होतात.

पण माझं मत विचाराल तर रक्कम पाठवून मोकळं होण्यापेक्षा एक गाव धरा. एकच. तिथल्या चर्चला, शेतकऱ्यांच्या गटाला, मासेमारांच्या सोसायटीला मेसेज करा, इंग्रजी मोडकी-तोडकी चालते. जमैकात शेतकऱ्यांची नोंदणी राडा नावाचं सरकारी खातं करतं, आपल्या कृषी सहायकासारखे त्यांचे पण लोक गावात फिरतात, ते सांगतात कोणाचं काय गेलं. सेंट एलिझाबेथ हा भाग म्हणजे त्या देशाचं भाजीचं कोठार, कांद्याची पात, टरबूज, मिरची, तिथेच सगळ्यात जास्त मार बसला, ब्लॅक रिव्हर हे गाव तर पार उद्ध्वस्त झालं. वेळ लक्षात ठेवा, जमैका आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ, तेव्हाच फोन लावा. आणि पहिला प्रश्न एवढाच करा, तुम्हाला काय पाहिजे. उत्तर येईस्तोवर थांबा, त्यांच्याकडे लाईट नसते, टॉवर पडलेला असतो.

उत्तरात बहुतेक छप्परच येईल. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळानं डोमिनिका बेटावरची दहातली नऊ छपरं मोडली की उडवली, पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या स्वतःच्या घराचं पण छप्पर गेलं, त्यांनी त्याच रात्री फेसबुकवर लिहिलं होतं. आणि ग्रेनाडा देशातल्या कॅरियाकूसारख्या बेटावर नदीच नाही, लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून पितात. म्हणजे छप्पर गेलं की पाणी पण गेलं. हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो.

छपराला पैसे देत असाल तर ते कसं बसणार हे पण विचारा, कारण जुन्याच पद्धतीनं ठोकलं तर पुढच्या वादळात परत जाणार. वारा छपराला खालून आणि कडेनं उचलतो, म्हणून कडेला आणि आढ्याजवळ स्क्रू दाट पाहिजेत, खिळे नाही. लाकडी वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला लोखंडी पट्टीनं बांधायचा, तिकडे त्याला हरिकेन स्ट्रॅप म्हणतात, किंमत थोडी पण घर वाचवते. चार उतारांचं छप्पर दोन उतारांपेक्षा टिकतं. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवायचं, म्हणजे ती उडाली तरी घर घेऊन जात नाही. आपण इकडे टिनावर दगड ठेवतो ना, ते पण सोडा बापा, जोराच्या वाऱ्यात तोच दगड शेजाऱ्याच्या डोक्यात जातो.

आजाराचं थोडक्यात. पूर ओसरल्यावर उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप, पसरतो, जमैकानं नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची साथच जाहीर केली. गमबूट, हातमोजे यांना पैसे दिले तर वाया जात नाहीत. आपल्याकडे पूर आला तर विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, किती टाकायची ते आरोग्य सेवकाला विचारून टाकायची आणि तासभर थांबायचं, पाणी फार घाण असेल तर आधी उपसून घ्यायचं.

तिकडे जाऊन काम करायचं कोणी म्हणत असेल तर नका जाऊ. सुतार, वायरमन, नर्स असाल आणि कोणी बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुम्ही त्यांचंच पाणी पिणार, त्यांच्याच ताडपत्रीखाली झोपणार. हात त्यांच्याकडे आहेत, डोमिनिकात कूदमें म्हणून पद्धत आहे, सगळ्यांनी मिळून एकाचं घर उभं करायचं, मग दुसऱ्याचं, आपल्या इर्जिकीसारखंच. त्यांना सामान कमी पडतं, माणसं नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. अँटिग्वा आणि बार्बुडा या देशातलं बार्बुडा बेट. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळ आलं, मागून दुसरं येणार म्हणून सगळ्यांना, दीड हजाराच्या वर लोकांना, शेजारच्या अँटिग्वाला नेलं, अख्खं बेट रिकामं. तिथली जमीन गावाची सामाईक, गुलामी संपली तेव्हापासून लोक तशीच वापरत आलेत, २००७ मध्ये तसा कायदा पण झाला. आणि लोक अजून छावणीत असतानाच सरकारनं ती पद्धत मोडायची गोष्ट काढली, मोठ्या रिसॉर्टवाल्यांना वाट झाली, लोक कोर्टात गेले. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो किती वर्षांच्या धडपडीनं ते आपल्या लोकांना माहीत आहे, त्यामुळे बार्बुडाचं दुःख आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तुम्ही ज्याला पैसे देता त्यानं गावाच्या सभेला विचारलं का हे नक्की बघा, मदतीच्या कागदावर जमिनीबद्दल काही लिहिलेलं असेल तर तिथे पैसे देऊ नका.

पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं, आमच्याकडे तेच झालं. तर मंडळाच्या पोरांनी काय ठरवलं, प्रत्येकानं दर महिन्याला दोनशे बाजूला ठेवायचे आणि एप्रिलमध्ये आपापल्या कार्डवरून पाठवायचे. एप्रिलच का, तर तिकडे वादळाचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. आपण जसे मृग लागायच्या आत कवेलू फेरतो तसं त्यांचं छप्पर १ जूनच्या आत बसलं पाहिजे, आणि पैसे पोचून पत्रे, स्क्रू विकत घेऊन ते लागेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो.