स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घरात चालू असतील तं हे वाचून घ्या

स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटा संशय येणं, असा मनाचा आजार. आपल्याकडं खेड्यात त्याच्या गोळ्या लिहून मिळतात, पण त्या चालू ठेवणं जमत नाही आणि खरं बिघडते ते तिथंच. माझ्या मोठ्या भावाच्या गोळ्या घरी मीच देतो म्हणून जे समजलं ते लिहितो. डोस किती हे मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरलाच विचारायचं, दुसऱ्याच्या पेशंटची गोळी आपल्याला चालत नाही.

या आजाराची गोळी रिस्पेरिडोन असो का ओलांझापीन, झोप अन् चिडचिड काही दिवसात सुधरते, पण कानात येणारे आवाज, लोकं माझ्यावर पाळत ठेवून राहिले हा संशय, हे कमी व्हायला चार-सहा आठवडे लागू शकतात. आठ दिवसात फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बरं वाटल्यावर. "आता चांगला आहे ना, मंग काहून खायच्या गोळ्या?" हे पेशंटही म्हणते अन् पाहुणेही म्हणतात. बंद केल्यावर लगेच काही दिसत नाही, कधी कधी महिना-दोन महिने माणूस ठीकच राहते, म्हणून घरच्यांना वाटते की गोळीची गरजच नव्हती. मंग हळूच झोप उडते, ताटातल्या भाजीवर संशय येते, अन् तोपर्यंत गोळी सुटल्याचं कोणाच्या ध्यानातही राहत नाही. झोप मोडायला लागली की तिथंच पकडा, दवाखान्यात जा. गोळी कमी करता येते, पण ती डॉक्टरनं, हळूहळू. पोटात बाळ असलं तरी मनानं बंद नाही करायची, आधी विचारायचं. रोजची गोळी जमतच नसेल तं दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं असतात, त्याबद्दल विचारा.

आता त्रासाचं. गोळी नवीन असताना, नाही तं इंजेक्शन दिल्यावर, कधी कधी मान एकाएकी वाकडी होऊन अडकते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. पाहणाऱ्याचा जीव घाबरते, अन् कोणी तरी म्हणतेच की अंगात आलं, बाहेरचं आहे. ते बाहेरचं नाही, औषधाचा परिणाम आहे, दवाखान्यात इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात उतरते. देवाला जा, दर्ग्याला जा, माझी ना नाही, पण आधी दवाखाना, अन् गोळी खिशात. दुसरं, माणसाला एका जागी बसवत नाही, रात्रभर अंगणात येरझारा मारते. घरच्यांना वाटते आजार वाढला, पण हाही बरेचदा गोळीचाच त्रास असते, डॉक्टर डोस बदलून देतात. हात थरथरणं, लाळ गळणं, वजन वाढणं, शुगर वाढणं हेही सांगायचं, वजन-शुगर मधून मधून तपासायची. बायांची पाळी थांबते, त्या लाजून सांगत नाहीत, घरातल्या बाईनंच विचारावं.

क्लोझापीन नावाची गोळी चालू असेल तं रक्त तपासणी चुकवायची नाही, पहिले 18 आठवडे दर आठवड्याला असते. ताप आला, घसा दुखला तं त्याच दिवशी दवाखाना. संडास तुंबली तरी सांगा, या गोळीत ते जिवावर बेतू शकते. बिडी पिणाऱ्यानं अचानक सोडली तरी क्लोझापीन अन् ओलांझापीन रक्तात वाढते, म्हणून सोडायची जरूर, पण डॉक्टरला सांगून.

उन्हाळा आपला वैरी आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, अन् या गोळ्या, त्यासोबतची थरथरीची ट्रायहेक्सिफेनिडिल, यांनी घाम कमी येऊ शकते, अंगातली गरमी बाहेर पडत नाही. पेशंटला भर दुपारी वावरात, रोजगार हमीच्या कामावर पाठवू नका, टिनाच्या खोलीत झोपवू नका, तहान नसली तरी पाणी पाजत राहा. बिछान्यावरून एकदम उठू द्यायचं नाही, चक्कर येते. खूप ताप, अंग लाकडासारखं कडक, बोलणं भरकटलेलं, असं दिसलं तं अंग ओलं करा, 108 ला फोन करा, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, अन् डॉक्टरनं पाहेपर्यंत पुढची गोळी देऊ नका.

गोळी एका वेळची राहिली तं पुढच्या वेळी डबल द्यायची नाही. मोहाची काय, विदेशी काय, दारू यासोबत चालतच नाही. गोळ्या एकाच माणसाच्या हातात ठेवा, पेशंट जिवावर उठायच्या गोष्टी करत असेल तं कुलुपात, अन् फवारणीचं औषधही घराबाहेर. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून दिली तं नाव अन् एमजी जुन्या पाकिटाशी जुळवून पाहा. पेरणी अन् कापूस वेचणीच्या दिवसात दवाखान्याची चक्कर हमखास राहून जाते, म्हणून स्टॉक संपायच्या आठ दिवस आधीच जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाऊन आणा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यातल्या उपचाराचा हक्क आहे, अन् पेशंटला साखळीनं बांधायला बंदी आहे. रात्री-बेरात्री काही सुचलं नाही तं 14416 वर फोन करा, टेलिमानस नावाची मनाच्या आजारासाठीची सरकारी फोन सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.